दहाव्या विहिरीचं पाणी

हल्ली पदवीच्या शेवटच्या वर्षाला सगळ्यांनाच संशोधन प्रकल्प करावा लागतो. परीक्षक कमी पडतात, म्हणून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मला कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून फोन येतो. मी जाते. पोरंपोरी इस्त्रीचे कपडे घालून उभी असतात, पडद्यावर रंगीत आलेख झळकतात, मागच्या बाकावर चहा आणि सामोसे झाकून ठेवलेले असतात. सगळं ऐकून घेतलं की मी एकच प्रश्न विचारते, "नमुन्याची बाटली कुणी भरली?" पोरं एकमेकांकडे बघतात. एखादा म्हणतो, "आम्हीच, मॅडम." एखादी खरं सांगून टाकते, "गावाकडून काकांनी पाठवली." मग मी तक्ता पुढे ओढते आणि दुसऱ्या वेळच्या आकड्यांवर बोट ठेवते. माझ्या पाठीमागे मला 'बाटलीवाल्या मॅडम' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणू देत. त्या प्रश्नामागचं घर आता राहिलेलं नाही. आमच्या मळ्यावर सात मजली इमारत उभी आहे आणि विहीर बुजवून तिथे गाड्या लावतात. पण मी अजून आहे, तोवर हे लिहून ठेवते.

आमचा मळा नाशिकच्या कडेला होता. शहर तेव्हा आमच्यापर्यंत आलं नव्हतं, पण शहराचा नाला आला होता. झेंडू, शेवंती, गलांडा आणि मधल्या पट्ट्यात मेथी, कोथिंबीर, शेपू. पहाटे मोटरची घरघर सुरू झाली की आमची सकाळ व्हायची. माझे वडील अण्णा आणि दादा फुलांच्या पाट्या सायकलला बांधून बाजाराला निघायचे आणि ओसरीवर आई, मी आणि वहिनी मेथीच्या जुड्या बांधायला बसायचो. ओल्या मेथीचा वास हाताला इतका बसायचा की प्रयोगशाळेत नळी नाकाजवळ नेली तरी मला आधी मेथीच जाणवायची. जेवायला बाजरीची भाकरी, कसलीतरी पालेभाजी आणि लसणाची चटणी, बाराही महिने. वहिनी आली आणि घरात भात शिजायला लागला. ती घोटीकडची. तिच्या माहेरून पोत्यानं तांदूळ यायचा आणि तो रटरटायला लागला की घरभर असा वास सुटायचा की अण्णासुद्धा, "आज काय सण हाय का?" म्हणून स्वयंपाकघरात डोकावायचे.

वहिनीचं नाव मंदा. माझ्याहून एका वर्षानं लहान, तरी मला 'वन्सं' म्हणायची आणि मी आपली मोठेपणाने ते म्हणवून घ्यायची. बारावीला तिला चांगले मार्क होते. पुढे शिकायचं होतं, पण दादाचं स्थळ आलं आणि प्रश्न मिटला. मी कॉलेजातून आले की ती माझी वही उघडून बसायची. जंतूंच्या आकृत्या बघून म्हणायची, "वन्सं, हे असं खरंच दिसतं? का तुम्हीच काढता मनानं?" एकदा तुला प्रयोगशाळा दाखवीन, असं मी तिला कबूल केलं होतं. ते राहून गेलं. माझ्या आयुष्यात राहून गेलेल्या गोष्टींची यादी फार मोठी नाही, पण त्या यादीत सगळ्यात वर ही आहे.

तेव्हा प्रकल्प अभ्यासक्रमात नव्हता. ती आमच्या खैरनार सरांची हौस. "पुस्तकातलं पाणी किती दिवस तपासणार? तुमच्या घरचं आणा," असं म्हणायचे. मी ताठ मानेनं उभी राहिले आणि सांगितलं की आमच्या मळ्याच्या आजूबाजूच्या दहा विहिरी मी तपासते. माझ्या जोडीला जी मुलगी होती तिचं लग्न ठरलं आणि ती गळाली, मग मी एकटीच. सरांचे नियम कडक. बाटली कॉलेजातून निर्जंतुक करून, तोंडावर खाकी कागद बांधून मिळायची. तिच्या गळ्याला दोरी आणि खाली दगड बांधायचा, विहिरीवर जाऊनच कागद सोडायचा, बाटली खोल सोडून भरायची, लगेच बंद करायची आणि बर्फात ठेवून दुपारच्या आत प्रयोगशाळेत आणायची. सर प्रत्येकाला बजावायचे, "बाटली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. सख्ख्या आईच्यासुद्धा नाही." आम्ही हसायचो.

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मंदानं लिहिल्या. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. एक ते दहा आकडे, खाली विहीर कुणाची ते, आणि प्रत्येक चिठ्ठीला शाईची बारीक चौकट. तिला तेव्हा पाचवा महिना होता. भिंतीला टेकून, पाय पसरून ती चिठ्ठ्या कापायची आणि आई तिला ओरडायची, "कात्री ठेव आधी खाली, अशा दिवसांत कापाकापी करू नाय." मंदा कात्री माझ्या हातात द्यायची आणि आई वळली की पुन्हा घ्यायची.

एका सकाळी नऊ विहिरींवर मी स्वतः गेले. वाकून बाटल्या सोडल्या, चिखलात चपला रुतवल्या, एका ठिकाणी कुत्रं मागं लागलं. दहावी विहीर आमची. घरचीच आहे, कधीही भरता येईल, म्हणून शेवटी ठेवली. त्याच सकाळी बर्फ आणायला मला बर्फाच्या कारखान्यापर्यंत सायकलनं जायचं होतं आणि उशीर झालेला. मी आईला म्हटलं, "आई, तेवढी आपल्या विहिरीची बाटली भरून ठेव. दोरी बांधलेलीच आहे." परत आले तेव्हा बाटली भरून, पुसून, वर कागद बांधून ओसरीवर ठेवलेली होती. हळदीकुंकवाचं बोट तेवढं लावायचं बाकी ठेवलं होतं. मी ती डब्यात टाकली आणि निघाले.

तपासणी सोपी होती. जांभळ्या द्रावणाच्या नळ्यांत पाणी घालायचं आणि उबेच्या कपाटात ठेवायच्या. पाण्यात घाणीचे जंतू असले तर द्रावण पिवळं पडतं आणि आतल्या बारक्या उपड्या नळीत हवेचा बुडबुडा धरतो. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर नऊ विहिरींच्या नळ्या पिवळ्याधमक. दहावीच्या जशाच्या तशा जांभळ्या. सरांनी त्या उजेडाकडे धरून पाहिल्या. "तुमची विहीर नाल्याच्या सगळ्यात जवळची ना?" मी हो म्हटलं. "मग हे असं कसं? पुन्हा नमुना आण, सुमन. शंका आली की दुसऱ्यांदा बघायचं." मला राग आला. आमचं पाणी चांगलं निघालं हे सरांना बघवत नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात शिरलं. तोंडावर दसरा आलेला. दसऱ्याला आमच्या घरात माणूस बसलेला दिसत नाही, सगळा मळा झेंडूनं पेटलेला असतो. मी फुलं तोडली, पाट्या भरल्या, माळा ओवल्या आणि दुसरा नमुना नेलाच नाही. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तक्ता भरायची वेळ आली तेव्हा मी 'दुसरा नमुना' या रकान्यात पहिल्याचेच आकडे लिहिले. शेरा लिहिला: पिण्यायोग्य. खाली प्रतिज्ञापत्र होतं, सर्व नमुने मी स्वतः गोळा केले आहेत म्हणून. त्यावर सही केली. पेन झरझर चालला. आज पोरांच्या तक्त्यात दोन्ही रकान्यांत तंतोतंत तेच आकडे दिसले की मला माझंच अक्षर दिसतं.

घरी मी ते भाऊबीजेला सांगितलं. सगळे जेवायला बसले होते. "आख्ख्या शिवारात आपलंच पाणी चांगलं," असं मी म्हटलं आणि आईचा चेहरा असा फुलला की बस. "मी म्हनलं नवतं? आपली हीर पहिल्यापास्नं गोड." दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितल्यापासून आई मंदासाठी रोज संध्याकाळी पाणी उकळायची, फडक्यानं गाळायची आणि तांब्याच्या हंड्यात भरून ठेवायची. मंदाला ते पाणी अजिबात आवडायचं नाही. चुलीवरचं, धुराचा वास लागलेलं, दिवसभर कोमट. तिला डोहाळे लागले होते ते गार पाण्याचे, विहिरीतून नुकत्याच काढलेल्या, कळशीला बाहेरून घाम फुटलेल्या पाण्याचे. तिनं भात वाढता वाढता मला विचारलं, "मग आता कच्चं पानी चाललं ना, वन्सं?" मी घास गिळला आणि म्हणाले, "खुशाल पी."

ते दोन शब्द मी किती वेळा परत घेऊन पाहिले आहेत, सांगता यायचं नाही.

उकळणं बंद झालं. हंडा घासून फडताळावर पालथा पडला. आजूबाजूच्या बायका आमच्या विहिरीवर घागरी घेऊन यायला लागल्या, कारण आई प्रत्येकीला सांगायची, "आमच्या सुमीनं तपासलंय, कालिजात." सातव्या महिन्यात मंदाचं डोहाळजेवण झालं. फुलं पिकवणाऱ्याच्या घरचं ते डोहाळजेवण. बायकांनी तिला शेवंतीचे गजरे, फुलांची कंबरपट्टी, फुलांचा मुकुट असं मढवलं की त्यातून तिचं नाक आणि डोळे तेवढे दिसत होते. पंधरा दिवसांनी तिचे वडील घोटीहून तिला पहिल्या बाळंतपणाला न्यायला येणार होते. तिनं पिशवीसुद्धा भरून ठेवली होती, आणि तिच्यात माझी एक जुनी वही, आकृत्यांची.

त्याच आठवड्यात ती अंथरुणाला खिळली. आधी नुसती कणकण. मग जेवण नको झालं, भाताचा वास आला तरी मळमळायचं. तिला, भाताच्या वासानं! आई म्हणाली, दृष्ट लागली, एवढी नटली होती. मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. तिसऱ्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते, तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग झेंडूसारखा पिवळा दिसला. कुणीतरी काविळीची माळ आणून गळ्यात घातली; कावीळ उतरते तशी ती लांब होते म्हणतात. दोन दिवस त्यात गेले. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते आणि ती माळ लांब झाली का, हे मीही बघत होते.

सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा ती बरळायला लागली होती. डॉक्टर तरुण होता, झोपेअभावी त्याचे डोळे लाल झालेले. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता? उकळून पिता का?" मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली. "पान्याचं नाय हो, डाक्टर. आमचं पानी तपासलेलं हाय. ह्या पोरीनंच तपासलंय." आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. "रिपोर्ट चांगला आला होता?" मी मान डोलावली. "दोनदा तपासलं?" मी पुन्हा मान डोलावली. तो 'ठीक' म्हणाला आणि कागदावर काहीतरी लिहून पुढच्या खाटेकडे गेला. तिथं खरं बोलले असते तर मंदा वाचली असती, असं नाही. उशीर झाला होता. पण शिवारातल्या बायका आमच्याच विहिरीचं पाणी भरत होत्या, त्या त्याच दिवशी थांबल्या असत्या. पुढे त्यांच्यातल्या दोघी आजारी पडल्या. वाचल्या, त्यांचं नशीब.

मूल पोटातच गेलेलं होतं. मुलगी होती. मंदा त्यानंतर दीड दिवस होती, पण शुद्धीवर आली नाही. तिचे वडील घोटीहून आले ते तांदळाचं पोतं घेऊनच, त्यांना निरोप अर्धाच पोचला होता. दवाखान्याच्या पायरीवर ते पोत्याला टेकून बसले आणि दादा त्यांच्यासमोर उभा राहिला. त्या दृश्याकडे मी खांबाआडून बघत होते. मला जवळ जायची लाज वाटली.

दिवसकार्य झाल्यावर मी एक बाटली मागून घेतली आणि आमच्या विहिरीवर गेले. या वेळी दोरी मी धरली. नळ्या कपाटात ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन उघडल्या. पिवळ्या. एकूण एक. बुडबुडा इतका मोठा की आतल्या नळ्या तरंगत होत्या. सर मागे येऊन कधी उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी नळी पाहिली, चिठ्ठी पाहिली. "ही कुठली?" मी म्हटलं, "दहा नंबर, सर." मग हळू आवाजात म्हणाले, "दुसरा नमुना तू आणला होतास ना, सुमन?" मी म्हटलं, "हो, सर." त्यांना माझ्या घरी काय झालंय ते माहीत होतं. त्यांनी पुढे विचारलं नाही. तिथं त्यांनी माझ्या एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. ते दयाळू होते, आणि त्यांची दया मी खिशात घालून बाहेर पडले.

घरी आई ओसरीवर जुड्या बांधत होती. समोर मंदाची जागा रिकामी. मी बसले, मेथी पुढे ओढली आणि जमेल तितक्या सहज विचारलं, "आई, त्या दिवशी बाटली कुठून भरलीस गं तू?"

"कंची बाटली?"

"कॉलेजची. दोरीची."

"हंड्यातनं," आई म्हणाली. "उकळलेलं, गाळलेलं. कालिजातल्या सरांम्होरं जायाचं पानी, गाळाचं कसं दिऊ? आन लोकांच्या बाटल्यांत आपलीच गढूळ दिसली असती." पाहुणा दारात आला की आधी गाळलेलं पाणी, मग नाव विचारायचं, ही तिच्या आईची शिकवण. तिच्या लेखी सर पाहुणेच होते. उकळलेलं आणि वर रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं पाणी. त्यात जंतू सापडले असते तरच नवल.

मग तिचा हात थांबला. "का गं?"

"काही नाही. सहज," मी म्हटलं.

आईनं जुडीला सुंभ गुंडाळला आणि गाठ मारायची तशीच राहिली. मी उठून आत गेले. आईला कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. तिला ते झेपायचं नाही, असा त्याला मी मुलामा दिला. त्याच संध्याकाळी फडताळावरचा हंडा खाली उतरला आणि चुलीवर पाणी चढलं. मी विहिरीवर येणाऱ्या बायकांना पाणी उकळायला सांगितलं, का ते सांगितलं नाही. प्रकल्पाला सरांनी सही दिली. मी पास झाले, पुढे शिकले, शिकवायलाही लागले. दादानं दुसरं लग्न केलं नाही.

आईला कळलं नाही, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले. पण तेव्हापासून आईनं आपल्या हातानं कुणाला पाणी दिलं नाही. पाहुणे आले की ती लगबगीनं उठायची, दारापर्यंत जायची आणि मग आत बघून हाक मारायची, "सुमे, पानी आन गं." मी नसले तर पाहुण्यालाच म्हणायची, "तिथं हाय हंडा, घ्या बाबा हातानं." लोक म्हणायचे, म्हातारीला आळस आला. माझ्या पोरांनी लहानपणी तिच्या मांडीवर खेळता खेळता पाणी मागितलं तरी ती त्यांना माझ्याकडे धाडायची. हे माझ्या लक्षात यायला दहा-बारा वर्षं गेली. लक्षात आलं तेव्हाही मी बोलले नाही. एवढी वर्षं गप्प राहिल्यावर बोलायचं म्हणजे आधी गप्प का होते ते सांगावं लागतं.

शेवटच्या वर्षी आई माझ्याकडेच होती, या फ्लॅटमध्ये. नजर गेली होती, कान मात्र तिखट. एके दुपारी मी तिला चमच्यानं पाणी पाजत होते. ती म्हणाली, "मंदीला असं पाजायला पायजे होतं. उकळलेलं. ते मी कालिजात धाडून बसले." एवढंच. आवाजात रडणंबिडणं नाही, भाव विचारावा तसं. चाळीस वर्षं ती हे उचलून चालली होती, एकटी, आणि अर्धं ओझं माझं होतं. अर्धं कसलं, जास्तच. तिची चूक अडाणीपणाची आणि मायेची होती. ती पकडण्यासाठीच सरांनी दुसरा रकाना आखला होता.

मी चमचा खाली ठेवला. तिचा हात धरला आणि सांगून टाकलं. "आई, सरांनी पाणी पुन्हा मागितलं होतं. दुसऱ्यांदा. ते नेलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मी नेलंच नाही. नुसतं लिहिलं."

आईनं तोंड माझ्या दिशेला वळवलं. माझा हात थोपटला, मी लहानपणी पडून आले की थोपटायची तसाच.

"नेलं आसशील," ती म्हणाली. "तुला आता आठवत नसंल. तू कधी खोटं लिवायची नाय."

मी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. ती नाही म्हणून मान हलवत राहिली आणि मग तिनं पाणी मागितलं.